पडदे निवडायला कॉलेज कशाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचा इअरफोन निघून पडतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेल्या एकदोन गोष्टी इथे घातल्यात, बाकी मी बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे इंटिरियर डिझाइन. थांबा, हा करिअरचा कार्यक्रम झालेला नाही, आपण इतिहासच बोलणार आहोत. पण बारावीनंतर हे क्षेत्र निवडू पाहणाऱ्या प्रत्येकाला घरात एक प्रश्न ऐकावा लागतो. "अगं, पडदे आणि भिंतीचा रंग निवडायला चार वर्षं कॉलेज कशाला? आपला सुतार करतोच की सगळं!" आता फी भरणारे आईबाबा असतील तर त्यांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर "मला आवड आहे" हे नाही. आवड तर आत्यालाही असते, म्हणून लोक तिला पैसे देत नाहीत.

खरं उत्तर इतिहासात सापडतं. हे काम शिकण्याचा विषय कसं झालं, कुणी केलं, हे बघितलं की चार वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं तेही कळतं. तर चला, आधी लंडनला.

साल १८७०च्या आसपासचं. त्या काळी घर सजवायचं म्हणजे दुकान गाठायचं. गाद्या-पडदेवाला, वॉलपेपरवाला, फर्निचरवाला. सल्ला देणारा आणि माल विकणारा माणूस एकच. म्हणजे सल्ला कुठल्या दिशेला झुकणार, हे सांगायला नको. ज्या कापडाचे तागे गोदामात पडून असतील, तेच तुमच्या दिवाणखान्याला शोभून दिसणार!

या बाजारात दोन चुलत बहिणी उतरल्या, ऱ्होडा आणि ॲग्नेस गॅरेट. घराणं वेगळंच होतं. ॲग्नेसची एक सख्खी बहीण मिलिसेंट फॉसेट, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी आयुष्यभर लढली. दुसरी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, इंग्लंडमध्ये डॉक्टर म्हणून पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, आणि पुढे लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनची डीन. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? आपल्या डॉ. रखमाबाई मुंबईहून जाऊन जिथे शिकल्या, तेच हे कॉलेज.

तर अशा घरातल्या या दोघींनी ठरवलं की आपण घरांच्या अंतर्भागाचं काम करायचं, पण आधी ते रीतसर शिकायचं. शिकवणार कोण? बायकांना घेणारं आर्किटेक्चरचं कॉलेज नव्हतंच. शेवटी जे. एम. ब्रायडन नावाच्या आर्किटेक्टने त्यांना आपल्या ऑफिसात उमेदवारीवर घेतलं. तीन वर्षांचा करार. मग इंग्लंडभर फिरून जुन्या घरांची आणि फर्निचरची चित्रं काढली. आणि त्यानंतर कुठे लंडनमध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला.

दोघी सुखवस्तू घरातल्या होत्या, चांगली आवडनिवड त्यांच्याकडे असणारच. तेवढ्यावर दुकान काढता आलं असतं. पण त्यांनी आधी तीन वर्षं ड्रॉइंग बोर्डावर घालवली. १८७६ साली त्यांचं घरसजावटीवरचं छोटं पुस्तक निघालं, तेही राजवाड्यांसाठी नाही, साध्या मध्यमवर्गीय घरांसाठी. फॅशनच्या मागे धावू नका, खोटी नक्षी लावू नका, खर्च आधी मांडा, असा त्याचा सूर. ऱ्होडा १८८२ मध्ये अकाली गेली, ॲग्नेसने काम पुढे चालू ठेवलं.

म्हणजे पहिली पायरी ही. सल्ला मालापासून सुटा झाला. दुकानदाराऐवजी गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करणारा, शिकलेला माणूस उभा राहिला.

आता पन्नासेक वर्षं पुढे या आणि व्हिएन्नाला चला. १९१७ साल, पहिलं महायुद्ध चालू आहे. मार्गारेटे लिहोत्स्की नावाची विशीतली विद्यार्थिनी तिथल्या कलाशाळेत आर्किटेक्चर शिकतेय. ऑस्ट्रियात हा विषय शिकणाऱ्या अगदी पहिल्या मुलींपैकी ती एक. कामगारांच्या घरांची एक स्पर्धा जाहीर झाली. तिचे शिक्षक ऑस्कर स्ट्रनाड यांनी तिला सांगितलं की पेन्सिल हातात घेण्याआधी कामगारवस्तीत जा, माणसं तिथे खरी कशी राहतात ते बघून ये. ती गेली. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं पाहिली. मग चित्र काढलं आणि त्या स्पर्धेत बक्षीसही मिळवलं.

१९२६ साली तिला जर्मनीत फ्रँकफुर्टला बोलावलं गेलं. युद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती आणि अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली शहराने हजारो स्वस्त घरं बांधायला घेतली होती. मार्गारेटेकडे आलं स्वयंपाकघर. (पुढे लग्नानंतर ती शूटे-लिहोत्स्की झाली, इतिहासात हेच नाव राहिलं.)

गंमत अशी की तिने स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. पुढे ती हे मोकळेपणाने सांगायची. मग केलं काय? मोजलं! कणकेच्या डब्यापासून ओट्यापर्यंत किती पावलं, ओट्यापासून सिंकपर्यंत किती, कुठल्या कामाला किती वेळ. अमेरिकेत ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी घरकामाचा असा हिशेब मांडला होता, त्यांचं पुस्तक जर्मनमध्ये आलं होतं. शिवाय रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिने नमुना म्हणून बघितलं. एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचं जेवण निघतं, ते कसं?

त्यातून तयार झालं ते 'फ्रँकफुर्ट किचन'. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आपल्या भाषेत साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. एका भिंतीला सरकतं दार, म्हणजे शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत थोडीच पावलं, आणि बाहेर खेळणाऱ्या मुलांवर नजर. भिंतीला घडी होणारा इस्त्रीचा बोर्ड. पीठ, तांदूळ, साखर यांच्यासाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिनमुळे किडे लागत नाहीत. अशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टमध्ये बसवली गेली. आज शोरूममध्ये जे 'मॉड्युलर किचन' म्हणून दाखवतात ना, त्याची ही आजी.

पण इथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. त्या स्वयंपाकघरावर टीकाही खूप झाली आणि ती रास्त होती. ते एका वेळी एकाच माणसासाठी मोजलेलं होतं. दोघी उभ्या राहिल्या की कोपराला कोपर. म्हणजे बाईचा वेळ वाचला, पण ती एकटी पडली. आणि कामाला हात लावायला दुसरं कुणी येईल, ही शक्यता त्या मापातच नव्हती! आपल्याकडे सणावाराला एक पुरण वाटतेय, दुसरी पोळ्या लाटतेय, तिसरी नुसती गप्पा मारायला आलीय, असं दृश्य त्या सव्वासहा फुटांत बसवून बघा.

म्हणून दुसरी पायरी दोन भागांची आहे. एक, अंदाजाऐवजी माप घ्या. दोन, माप कुणाचं घेतलं आणि कुणाचं राहिलं, हे विचारा. टेप कितीही अचूक असली तरी हा प्रश्न तिच्यावर छापलेला नसतो.

जाता जाता, मार्गारेटेचं पुढचं आयुष्य म्हणजे वेगळ्या भागाचा विषय. नाझींच्या विरोधात काम केलं म्हणून १९४१ मध्ये अटक, पंधरा वर्षांची शिक्षा, १९४५ला सुटका. २००० सालच्या जानेवारीत ती गेली तेव्हा १०२ वर्षांची होती.

तिसरा टप्पा न्यूयॉर्कचा. फ्लॉरेन्स शुस्ट, जन्म १९१७, लहानपणीच आईवडील गेलेले. शिक्षण मात्र जबरदस्त. मिशिगनमधल्या क्रॅनब्रुकला सारिनेन कुटुंबाच्या सहवासात, मग लंडनमध्ये, मग शिकागोला मीस व्हॅन डर रो यांच्या हाताखाली. रीतसर आर्किटेक्ट. १९४०च्या दशकात ती हॅन्स नोल यांच्या फर्निचर कंपनीत आली, पुढे दोघांनी लग्न केलं, आणि ती फ्लॉरेन्स नोल म्हणून प्रसिद्ध झाली.

तिने कंपनीत 'प्लॅनिंग युनिट' नावाचा विभाग चालवला. तोपर्यंत ऑफिस सजवणं म्हणजे साहेबाच्या केबिनमध्ये जडशीळ टेबल तिरकं ठेवायचं आणि बाकीच्यांना ओळीत बसवायचं. हा विभाग आधी चौकशी करायचा. इथे कोण काम करतं? कोणाला कोणाशी दिवसातून किती वेळा बोलावं लागतं? कागद कुठून कुठे जातात? मग नकाशा, मग प्रकाश, मग फर्निचर, आणि कापड सगळ्यात शेवटी. तिला कुणी 'डेकोरेटर' म्हटलेलं मुळीच खपायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिने रूढ केली. खोलीच्या छोट्या नकाशावर ती खऱ्या कापडाचे, लाकडाचे तुकडे चिकटवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी आणि बोटांनी कळावं. फॅशनच्या जगातली ही पद्धत तिने इमारतीच्या आत आणली. आज कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी जो मटेरियल बोर्ड करायला लावतात आणि मुलं रात्री दोनपर्यंत फेविकॉलशी झुंजतात, त्यामागे हा वारसा आहे. तो बोर्ड इन्स्टाग्रामसाठी नव्हता. "तुम्ही जे म्हणालात ते मला असं समजलं, बरोबर आहे का?" हे विचारायचं ते साधन होतं.

तर आता मुंबईला या. आपल्याकडे काय चाललं होतं?

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. १८६५ मध्ये तिथे शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग आले (रुडयार्डचे वडील). कलाकुसर आणि इमारत यांना तिथे एकमेकांपासून तोडलेलं नव्हतं. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, उभं राहिलं तेव्हा त्याच्या सजावटीच्या कामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रोजच्या गडबडीत एकदा मान वर करून तिथल्या दगडातली पानं-फुलं, पशुपक्षी बघा. ते शिकाऊ मुलांचं प्रॅक्टिकल होतं म्हणायला हरकत नाही! १८९१ मध्ये तिथेच रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली, कारागिरीच्या शिक्षणासाठी. म्हणजे 'आपला सुतार' या शिक्षणाच्या बाहेरचा माणूस नव्हताच, त्याची विद्या पायातच होती.

मग १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. आधुनिक घर आतून कसं असावं हे शहरातल्या लोकांना दाखवण्यासाठी. मुंबईत तेव्हा फ्लॅट नावाची नवी गोष्ट रुजत होती. वाड्यातून, चाळीतून आलेल्या माणसाने ओसरी नसलेल्या घरात पाहुण्याला बसवायचं कुठे? चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने ओट्यावर आला, तर ओट्याची उंची किती? हे प्रश्न पडद्याच्या रंगाचे नव्हते, जगण्याच्या पद्धतीचे होते.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला बोलावलं. त्यांनी १९५८ साली अहवाल दिला, त्यातून १९६१ला अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? आपल्या लोट्याचं! आणि नुसतं कौतुक नाही. लोटा करायचा तर कुठले प्रश्न विचारावे लागतील त्याची यादीच दिली. पाणी किती मावावं, कमरेवर कसा बसेल, भरलेला आणि रिकामा तोल कसा, आतून घासता येईल का, हाताला कसा लागेल, किंमत किती. अहमदाबादलाच सेप्टमध्ये पुढे १९९१ साली इंटिरियर डिझाइनची स्वतंत्र शाळा सुरू झाली. लंडनच्या बहिणींपासून लोट्यापर्यंत सूत्र एकच दिसतं. आधी प्रश्न, मग वस्तू.

आता जरा कायद्याचं बोलू, कारण तुमच्या करिअरचा खरा काटा इथे आहे.

१९७२ साली आपल्याकडे दोन गोष्टी झाल्या. संसदेने आर्किटेक्ट्स ॲक्ट केला, आणि मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संघटना स्थापन झाली. वर्ष एक, पण परिणाम वेगळे. कायद्याने 'आर्किटेक्ट' या नावाला कुंपण घातलं. नोंदणी नसेल तर ते नाव लावता येत नाही. (२०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा नावाचं रक्षण करतो, कामावर सरसकट बंदी घालत नाही.) इंटिरियर डिझायनरसाठी मात्र संघटना आली, असा केंद्रीय कायदा आला नाही. अमेरिकेत १९७४ पासून एनसीआयडीक्यू नावाची पात्रता परीक्षा आहे, १९८२ मध्ये अलाबामा राज्याने पहिल्यांदा या व्यवसायाच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडे आज संध्याकाळी कुणीही कार्ड छापून इंटिरियर डिझायनर होऊ शकतं.

याचा अर्थ घरच्यांचा प्रश्न बरोबर आहे का? कायद्याच्या नजरेने पाहिलं तर, हो! पदवीशिवाय हे काम करता येतं. पण त्याच कारणामुळे शिक्षणाचं वजन वाढतं, असं मला वाटतं. डॉक्टरच्या मागे नोंदणी क्रमांक उभा असतो. तुमच्या मागे काहीच नसणार. गिऱ्हाइक आयुष्याची कमाई घरात ओतणार, आणि त्याला खात्री द्यायला तुमच्याकडे फक्त तुमचं ड्रॉइंग, तुमचा हिशेब आणि तुमचे प्रश्न. कुंपण नसलेल्या शेतात पीक राखायला जागं राहावं लागतं.

आणि चूक इथे स्वस्त नसते. साधं उदाहरण घ्या. १८ मिलिमीटरच्या प्लायवर दोन्ही बाजूंना १ मिलिमीटर लॅमिनेट लागलं की फळी २० मिलिमीटरची होते. कपाटात अशा पाच उभ्या फळ्या असतील आणि ड्रॉइंगमध्ये १८च धरले असतील, तर एक सेंटिमीटर गायब. मग ड्रॉवर अडकतो, सुतार डिझायनरकडे बघतो, डिझायनर छताकडे. त्याहून गंभीर म्हणजे भिंती. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायची टूम निघते, तेव्हा ती इमारतीचं वजन घेते का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं, हेही शिक्षणच.

मग तयारी काय करायची? प्रवेशपरीक्षा तुम्हाला माहीत असतीलच. एनआयडीची डॅट, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, आर्किटेक्चरच्या वाटेने जायचं तर नाटा. पण कॉलेज बघायला जाल तेव्हा कॅम्पसचे फोटो काढण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि चार गोष्टी विचारा. साइटवर किती वेळा नेतात? सुताराच्या हातात देता येईल असं ड्रॉइंग करायला शिकवतात की नुसती कॉम्प्युटरवरची चकचकीत चित्रं? खर्चाचा अंदाज, म्हणजे बीओक्यू, स्वतः करून घेतात का? आणि ज्याच्यासाठी डिझाइन करताय त्या माणसाशी बोलायला लावतात का? चारांपैकी तीन उत्तरं नकाराची आली, तर ती फी पडदे निवडायला शिकण्याचीच आहे, आणि आईबाबांचा प्रश्न खरा ठरला.

एक काम तर आजच करता येईल, फुकटात. टेप घ्या आणि स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर मोजा. एक मीटरला दोन सेंटिमीटर, या प्रमाणात कागदावर काढा. मग एका सकाळी चहापासून डब्यापर्यंत तिथे कोण कुठून कुठे जातं, त्या रेघा त्याच कागदावर मारा. कोण वाकतं, कोण टाचा उंचावतं, कोण अजिबात आत येत नाही, तेही लिहा. शंभर वर्षांपूर्वी फ्रँकफुर्टमध्ये याच पद्धतीने काम सुरू झालं होतं. आणि तिच्या मापात जे राहिलं, ते तुमच्या कागदावर येतं का बघा. घरात दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा ठरवला, तर कुठली गोष्ट हलवावी लागेल?

तो कागद घरच्यांना दाखवा. आवडीबद्दल वाद घालण्यापेक्षा त्या रेघांवर बोलणं सोपं जातं. कदाचित आईच सांगेल की मिक्सर चुकीच्या कोपऱ्यात आहे, आणि हे ती कितीतरी वर्षं सांगतेय. ते नीट ऐकून घ्या, लिहून घ्या. तुमचं पहिलं गिऱ्हाइक तेच.

पुढच्या भागात भेटू. तोवर टेप कुठे ठेवलीय ते शोधा, बहुतेक घरात ती वेळेवर सापडत नाही!